विमानाचे बहात्तर किलो

"बाई, कागदावरचं विमान आपोआप जड होतंय का?"

दारातला पोरगा घामानं निथळत होता. चंद्रप्रभाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्या वजनमापे निरीक्षक होत्या. लातूरच्या आडतीवर त्यांची जीप दिसली की तराजू सरळ होत. निवृत्तीनंतर लोक खासगी गुंते घेऊन येऊ लागले. जुना शिपाई बसवंतही पाठोपाठ आला, सवयीनं.

"आत ये. बसवंत, ह्याला पाणी दे."

"नगं बाई. तहान न्हाई." पोरगा टेकला. "मी साहेबराव. निलंग्याकडला. कॉलेजवरून सायकलीवर आलो, तीन मैल."

बसवंतनं तांब्या स्वतःच रिकामा केला. टँकर चौथ्या दिवशी येत होता. अशा दिवसांत नको म्हटलेलं पाणी परत विचारायचं नसतं.

साहेबराव सांगू लागला. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, कॉलेज त्याहून कोवळं. चौघा विद्यार्थ्यांनी मिळून एका विमानाचा आराखडा केला होता. दोन माणसं बसतील एवढं लहान विमान, ढगांवर मीठ फवारून पाऊस पाडणारं. उद्या सकाळच्या एसटीनं श्रीपाद सर तो नांदेडला निवडीसाठी नेणार होते. वजनाची मर्यादा सातशे किलो.

"तीन आठवड्यांमागं सगळ्यांनी तोंडी आकडे सांगितले. सरांनी फळ्यावर नुसती बेरीज लिहिली, सहाशे शहाण्णव. परवा ज्यानं त्यानं शेवटचा आकडा चिठ्ठीवर दिला. मी तक्त्यावर उतरवला. बेरीज आली सातशे अडुसष्ट."

"मधल्या काळात विमानात काही वाढवलं?"

"एक खिळा न्हाई."

"चिठ्ठ्या कुठायत?"

साहेबरावची मान खाली गेली. "चहाचा स्टोव्ह पेटवायला त्यांचा काकडा केला. आता अवधूत म्हणतो, आकडे मीच फुगवले. नकाशावर माझं नाव शेवटी टाकलं, त्याचा राग काढला म्हणे. पाच वाजता सर येणार. अवधूतनं माझं नाव काढायचा अर्ज लिहून ठिवलाय." तो थांबला. "आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, बाई. चोर म्हणून परत जायचं मला जमणार न्हाई."

बाईंनी तक्ता उजेडासमोर धरला. पंख एकशे छप्पन्न. धड एकशे ब्याऐंशी. इंजिन आणि इंधन दोनशे आठ. फवारा आणि मीठ बहात्तर. दोन माणसं दीडशे. कुठं खाडाखोड नव्हती.

"ह्यातलं तुझं काय?"

"फवारा."

"चल," बाई म्हणाल्या.

कॉलेजला वर्ग पुरत नसत, म्हणून प्रकल्पाची खोली म्हणजे बंद पडलेल्या डाळमिलची शेड होती. तुरीचा पिवळा भुगा अजून फटींतून झरत होता, जात्याखालून पीठ झरावं तसा. दाराशी मोठा रांजण. बसवंतनं आशेनं झाकण उचललं आणि आत तोंड घालून म्हणाला, "कोरडा ठणठणीत!" रांजणानंही तेच म्हटलं.

"सगळ्यांचं पाणी त्यातच असतं," साहेबराव म्हणाला. "सकाळी ज्यानं त्यानं घरून आणलेलं सगळं त्यात ओतायचं. पहिल्याच दिवशी ठरलं. पाणी एकत्र, वजन एकत्र."

अवधूत चौघांचा म्होरक्या; धडाचं काम त्याचं. बोलता बोलता त्यानं शाईचं निब बशीतल्या पाण्यात खळबळून धुतलं. बशी काठोकाठ भरलेली होती.

"बाई, तुमचा मान आहे. पण बेरीज काय स्वतःहून वाढते?"

"धडाचे एकशे ब्याऐंशी तुझ्या चिठ्ठीवर होते तेवढेच आहेत?"

"माझा आकडा चोख आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही. त्यानं स्वतःच्याच फवाऱ्यात घातले असतील."

"प्यायला घोटभर मिळंल का?" बसवंतनं विचारलं.

"रांजण बघितलात ना, काका? अकरालाच संपलं."

विनीता पंखांवर काम करत होती. गळ्याभोवती रुमाल होता, आणि त्याच्या कडेनं थेंब ओघळत होता.

"साहेबराव असं करील असं वाटत नाही," ती हळूच म्हणाली.

"मग अवधूतला तसं सांगितलं का नाहीस?"

तिनं पेन्सिलला टोक काढायला घेतलं. आधीच टोकदार होती.

"तुझे एकशे छप्पन्न?"

"माझे बरोबर आहेत."

इंजिनवाला मन्मथ अहमदपूरचा, दिलखुलास गडी. "बसा काका, बसा," म्हणत त्यानं आपली पत्र्याची पेटी पुढं सरकवली. बसवंत दणकन बसला. आत डुबुक असं वाजलं.

"माफ करा," बसवंत पोटावर हात ठेवत म्हणाला. "सकाळपासून पोटात कायबी न्हाई."

मन्मथ जरा जास्तच मोठ्यानं हसला.

"तुझे दोनशे आठ?" बाईंनी विचारलं.

"बिलकुल बरोबर. उलट आमचे सरच कडक. फळ्यावर बेरीज लिहिली त्याच दिवशी दम दिला, 'वजन जरा जरी वर गेलं, तर प्रत्येकाच्या आकड्यातून दहावा हिस्सा कापीन. कारण ऐकणार नाही.' आता बघा, कापायची पाळी आलीच."

बाई बाहेर येऊन लिंबाच्या सावलीत उभ्या राहिल्या. पाच वाजायला अर्धा तास होता.

"बाई, कोण असंल?" बसवंतनं विचारलं. "मला तर त्यो पेटीवाला वाटतो. लई हसतो."

"आकडा चोख असल्याचं किती जणांनी सांगितलं?"

"तिघांनीबी."

"मग साहेबरावनं बदललं काय?"

बसवंत विचारात पडला. त्याचा विचार संपेपर्यंत बाई आत गेल्या होत्या.

"सगळे इकडं या," त्या म्हणाल्या. चौघं रांजणाभोवती उभे राहिले. "अवधूत, वाढलेलं वजन किती?"

"बहात्तर किलो."

"तिघंही म्हणता, तुमच्या ओळीत लिहिलेलं तुम्ही दिलं तेच. म्हणजे साहेबरावनं दुसऱ्याच्या ओळीला हात लावलेला नाही. मग तुझ्या म्हणण्याप्रमाणं सगळे बहात्तर त्याच्या फवाऱ्यात. त्याचा अख्खा फवाराच बहात्तरचा आहे. वाढलेलं काढून टाकलं तर उरतं काय? मीठ नाही, टाकी नाही, नळी नाही. हवा फवारणार होतात का?"

अवधूतनं तक्त्यावरची फवाऱ्याची ओळ पुन्हा पाहिली. "हे... हे मी बघितलंच नाही."

"बघायचं नव्हतं. एकमेकांना आकडा विचारला असता तर आपलाही सांगावा लागला असता." बाईंनी रांजणावर बोट वाजवलं. "हा अकराला आटला. तरी तुझी बशी भरलेली. हिच्या रुमालाचं पाणी गळतंय. ह्याची पेटी डुचमळते."

"म्हंजी ते माझं पोट न्हवतं?" बसवंत म्हणाला.

"नव्हतं. आणि माझा अशील भर उन्हात तीन मैल सायकल मारून आला, अन् म्हणाला तहान नाही. म्हणजे दडवलेलं पाणी वाटेतच संपवून आला." साहेबराव चपापला. "घागरीत चार तांबे असले तर तीन सांगायचे. न जाणो, उद्या टँकर येईल न येईल. दोन वर्षं तुमची घरं अशीच जगली. तोच हात चिठ्ठी लिहायला बसला. सर दहावा हिस्सा कापणार, तर आधीच थोडं वाढवून सांगू. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानंच केलंय, तेवढ्यानं काय होतंय? बेरीज फुगली तेव्हा प्रत्येकाला वाटलं, माझं तर थोडंच, बाकीचं ह्यानं केलं असणार. मी जन्मभर नफ्यासाठी मारलेली तराजूची दांडी पाहिली. भीतीपोटी मारलेली आजच पाहते."

मग विनीतानं टेबलाखालून बाटली आणून रांजणात ओतली. मन्मथनं पेटीतला कॅन काढला. अवधूतनं नकाशांच्या गुंडाळ्यांमागची कळशी आणली. तळातून आवाज चढत गेला, पोकळ, मग भरीव.

"आता वजन. कुणी किती वाढवलं?" बाई म्हणाल्या.

"अठरा," विनीता म्हणाली.

"वीस," मन्मथ.

अवधूतनं कळशी खाली ठेवली. "बावीस."

मन्मथनं भुईवरच्या भुग्यात बोटानं गणित केलं. "सातशे आठ. अजून आठ जास्तच."

सगळ्यांच्या नजरा साहेबरावकडे गेल्या. त्याला कळत होतं. गप्प राहिला तर आज तो निर्दोष होता, बाईंनीच सिद्ध केलं होतं. पण विमान जड राहणार होतं. बोलला तर अवधूतच्या अर्जातला 'फुगवले' हा शब्द खरा ठरणार होता.

"बारा," तो म्हणाला. "फवाऱ्याचे खरे साठच हायत. बारा मीबी वाढवले."

मन्मथनं पुन्हा बोट फिरवलं. "सहाशे शहाण्णव."

बाहेर सरांची स्कूटर थांबल्याचा आवाज आला. अवधूतनं खिशातला अर्ज काढला, क्षणभर धरला आणि चार तुकडे केले.

"साहेबराव, उद्या एसटीत सरांबरोबर एकच सीट आहे. तू जा. वजनाचं तू बोल."

"विचारलं, मधी कसं वाढलं, तर?"

"खरं सांग. तुझ्या बारासकट."

"अन् तुझे बावीस?"

अवधूतनं कपाळावरचा घाम पुसला. "ते आधी सांग."