ताटातल्या चार वाट्या

अमृतरावांना यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. एक मिक्सर, तोही दोनच भांड्यांचा. प्लास्टिकच्या चौकटीतलं 'निरोगी कुटुंब' असं एक प्रमाणपत्र. आणि सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळात वर्षभर ताठ मानेनं चालायची सोय. लातुरात स्वतःची डाळमिल असलेल्या माणसाला मिक्सरचं काय अप्रूप! पण फुकट म्हटलं की आमच्या व्याह्यांना काहीही वर्ज्य नाही, हे मी मुलगी दिली तेव्हाच ओळखलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना मिळणार होती. ती मी हिशेबात धरली नव्हती.

प्रकार मोबाइलवरच्या एका ॲपचा. त्यात चार माणसांचं कुटुंब नोंदवायचं. चौघांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा खोका दर महिन्याला कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावर यायचा. रोज सकाळी गोळी गिळली की आपल्या नावावर बोट टेकवायचं. नावापुढं हिरवी खूण पेटायची. मग ॲप विचारायचं, 'आज कसं वाटतंय?' आणि पाच चेहरे दाखवायचं. पहिला रडका, शेवटचा हसरा. महाशिवरात्रीपासून पुढच्या महाशिवरात्रीपर्यंत चौघांपैकी एकाचाही खाडा झाला नाही, तर मिक्सर.

चौघं म्हणजे अमृतराव, त्यांची बायको मल्लम्मा, मुलगा दयानंद आणि सून मंजुश्री. मंजुश्री माझी मुलगी, सासू-सासऱ्यांना आत्या-मामा म्हणते. दयानंद क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवतो आणि घरी फक्त झोपायला येतो. म्हणून चौघांच्याही खुणा अमृतरावच आपल्या फोनवरून करायचे. "कारभार एकाच्या हातात असलेला बरा, अप्पा," असं मला म्हणायचे. मी शिवशंकर, नांदेडला वजिराबादेत माझं कापडाचं दुकान आहे. व्याह्याची चेष्टा करायचा हक्क मला रीतीनंच मिळालेला होता, आणि तो मी कधी वाया घालवला नाही.

मल्लम्मा विहीणबाई कडक. त्यांच्या घरात अर्पण केल्याशिवाय तोंडात काही जायचं नाही, औषधसुद्धा. पितळेच्या ताटात चार वाट्या, वाट्यांत ज्याच्या त्याच्या गोळ्या. ताट देवघरात ठेवायचं, हात जोडायचे, मग गिळायच्या. मी एकदा म्हणालो, "विहीणबाई, देवाला कॅल्शियम कमी पडलंय का?" त्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "देवानं वास घ्यायचा, आपण घास घ्यायचा. तुमचं काय जातंय?"

तो गुडघा त्यांना फार छळायचा. रबरी बूच लावलेली काठी घेऊन त्या घरभर टकटक करत फिरायच्या.

मे महिन्यात दुपारी मेथी निवडता निवडता त्या जुडीवरच कलंडल्या. आमच्यात दहन नाही. बसवून माती देतात. काठी सोबत ठेवायची की नाही यावर दोघातिघांनी मतं दिली. अमृतरावांनी ती घरी ठेवली, देवघराच्या दाराशी, कोपऱ्यात.

महिन्याभरानं मी गेलो, तर ताटात अजून चार वाट्या. मल्लम्मांचा फोटो देवघराच्या शेजारच्या भिंतीवर, ताट त्याच्यापुढं.

"अमृतराव, चौथी वाटी कुणाची?" मी विचारलं.

"तिचीच. नाव काढलं की कुटुंब बंद पडतंय. चार माणसं लागतेत."

"म्हणजे मिक्सरसाठी बाईला जित्ती ठेवायलाव?"

ते हसले नाहीत. "गोळ्या वाया जात न्हाईत," म्हणाले. "तिची वाटी सूनबाईला देतो. प्रसाद हाय. बाळंतीण व्हायची हाय ती. तिला दुप्पट, नातवाला दुप्पट."

मंजुश्रीला नुकतेच दिवस गेले होते. आता माझ्यासारखा माणूस यात काय खोट काढणार? माल दुप्पट, दाम तेवढाच.

दसऱ्याच्या आधी मंजुश्रीचा फोन आला. रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन अकरावरून आठवर आलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या. लोहाच्या गोळ्या घेतच नाही म्हणतात, असं सांगताना तिला रडू आलं. "अण्णा, मी एक बी दिवस चुकवली न्हाई. दुप्पट घेते. जिना चढला की डोळ्यांपुढं अंधारी येतेय. बाई म्हणल्या, असंच राहिलं तर दोघांच्या जिवाला धोका हाय."

मी दुसऱ्या दिवशी लातूरची एस.टी. धरली.

पोरगी दारात उभी होती. ओठ पांढरे, नखं पांढरी. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी पाणी प्यायलो आणि घर बघितलं. दुकानदाराला गिऱ्हाईक बघायची सवय असते, तसं.

घर जसंच्या तसं होतं. पांढरी फरशी, धुपाचा वास, मिलमधून येणारी तुरीची बारीक धूळ. काठी कोपऱ्यात. तिच्या रबरी बुचाला ओली काळी माती लागलेली.

"ही काठी कोण वापरतंय?"

"कोण न्हाई," मंजुश्री म्हणाली. "रोज पोछा मारताना मीच पुसते. सकाळी परत असतेय."

ती हे अशा सुरात म्हणाली, जसं आपण दूध उतू गेल्याचं सांगतो.

दयानंदला विचारलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "मामा, मिलच्या वाटेवर चिखल हाय. आणला असंल कुणीतरी." तेही पटण्यासारखं होतं. एवढंच की पंधरा दिवस पाऊस नव्हता.

जेवणानंतर अमृतरावांनी मला फोन दाखवला. मल्लम्मांच्या नावाखाली महिन्यांचे चेहरे ओळीनं होते. जूनमध्ये सगळे रडके. जुलैत त्याच्या शेजारचा. ऑगस्टमध्ये मधला, ना हसरा ना रडका. आता चौथा.

"हे तुम्हीच दाबता ना?"

"खूण मी करतो. चेहरे मी न्हाई दाबत, अप्पा."

"मग?"

त्यांनी फोन खिशात ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर देवघरात बसलो. फोन मी मागून घेतला होता आणि माझ्या मांडीवर पालथा ठेवला होता. अमृतरावांनी चार वाट्या भरल्या. समई लावली. ताट फोटोपुढं सरकवलं आणि डोळे मिटले.

मला एक खोड आहे. माल दाखवतात तो आणि बांधून देतात तो एकच आहे का, हे मी बघतोच. त्यांचे डोळे मिटलेले असताना मी खोक्यातली लोहाची एक लाल गोळी काढून जिभेवर ठेवली. गंजलेल्या खिळ्यासारखी चव आली. ती रुमालात काढली.

मग मंजुश्रीच्या वाटीतली तशीच लाल गोळी उचलली.

तिला चव नव्हती.

खडूला असते तेवढीही नव्हती. कागदालासुद्धा काहीतरी चव असते. मी ती दातांनी फोडली. आत भुसा असावा तसं काहीतरी जिभेवर पसरलं आणि विरून गेलं.

मी फोन उलटा केला. दोन्ही हात फोनच्या कडांवर होते. काचेवर कुणाचं बोट नव्हतं.

मल्लम्मांच्या नावापुढं हिरवी खूण पेटली.

मग एक चेहरा. हसरा.

कोपऱ्यात काठी भिंतीवरून थोडीशी घसरली आणि थांबली.

अमृतरावांनी डोळे उघडले. त्यांनी फोनकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. "झालं?" त्यांनी विचारलं.

मी दुपारच्या गाडीनं मंजुश्रीला घेऊन निघतो म्हणालो. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. दोन महिने आधी नेतो एवढंच. ते म्हणाले, "न्या की. गोळ्या मी पाठवून देतो."

"तिच्या गोळ्या मी नांदेडात घेईन. तिचं नाव यातून काढा."

तेव्हा मी त्या माणसाला पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं. "तीनच उरतेत मग," ते म्हणाले. "बंद पडंल सगळं."

"एका मिक्सरसाठी माझी पोरगी..."

"मिक्सर घाला चुलीत!" मग एकदम हळू आवाजात, "अप्पा, सकाळी सात वाजता तिचं नाव पेटतंय. दिवसात तेवढंच. तेवढंच हाय मला."

हीच ती गोष्ट, जी मी हिशेबात धरली नव्हती.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मालाबद्दल शंका आली की भांडत बसायचं नसतं, बदलून घ्यायचा असतो. मी म्हणालो, "मंजुश्रीच्या जागी माझं नाव घाला. माझ्या गोळ्या अर्पण करा, नाहीतर आरती करा त्यांची. पार्सलनं पाठवा. मी गिळतो. पण माझ्या पोरीचं यातलं काही ताटात पडता कामा नये."

त्यांनी माझे हात धरले. सौदा मला स्वस्तात पडला असं वाटलं. एस.टी. अहमदपूरला थांबली तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन भजीसुद्धा खाल्ली.

नांदेडात माझी बायको सुकन्या गोळ्यांची पट्टी घेऊन देवघराकडं निघाली, तशी मी तिला वाटेतच अडवलं. "आधी तोंडात, मग देव." ती महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. पण मंजुश्रीचं रक्त वाढत गेलं. आठाचं नऊ, नवाचं साडेदहा. नखं गुलाबी झाली. ती रात्री उठून लोणच्याची बरणी शोधायला लागली.

दिवाळीनंतर मल्लम्मांच्या समाधीवर ओटा बांधायचा होता, म्हणून मी लातूरला गेलो. आमच्या समाजाच्या दफनभूमीची देखभाल करणारा साहेबराव टोपली-फावडं घेऊन उभा होता. एका पावसाळ्यात माती बसते, मधे खड्डा पडतो. तो भरून मगच वर ओटा घालतात. तो बराच वेळ त्या जागेभोवती फिरला.

"मालक, ही माती बसलीच न्हाई," तो म्हणाला. "उलट फुगलीय."

"मुरूम असेल खाली," मी म्हणालो.

"हाव," साहेबराव म्हणाला, आणि भरलेली टोपली उचलून दुसरीकडं निघून गेला.

महाशिवरात्रीनंतर मंजुश्रीला मुलगा झाला. वजनदार, आवाज तर लिलावात बोली लावावी तसा. नाव शिवांश. मिक्सरही आला. दयानंद म्हणतो, त्याचं एक भांडं गळतं.

मे महिन्यात माय-लेक लातूरला परत गेले. मी विचार केला, वर्ष संपलं, स्पर्धा संपली, आता हे पार्सल कशाला? त्या महिन्याच्या गोळ्या मी दुकानाच्या गल्ल्याशेजारी तशाच ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी मंजुश्रीचा फोन आला.

"अण्णा, बाळाच्या व्हिटॅमिनच्या थेंबांची बाटली सापडंना झाली होती. पाळण्याच्या उशाला ठेवली होती. आत्ता दिसली."

"कुठं?"

"ताटात. आत्यांच्या फोटोपुढं. मामा म्हणतेत, मी न्हाई ठेवली. ते खोटं बोलत न्हाईत, अण्णा."

"पाजलेस का त्यातले थेंब?"

"अजून न्हाई."

"ओतून दे. नवी आण. ती हातातून खाली ठेवू नको."

फोन ठेवला आणि मी तीन दिवसांच्या गोळ्या एकदम गिळल्या. चव नव्हतीच. त्यानंतर मी चुकवलेल्या नाहीत.

परवा शिवांशच्या जावळासाठी लातूरला गेलो होतो. म्हणून हे लिहायला बसलो. हिशेब एकदा मांडलेला बरा. शिवांशला वरचे दोन आणि खालचे दोन दात आलेत. मंजुश्रीच्या बांगड्या आता मनगटावरच राहतात. अमृतरावांना सकाळचे सात मिळतात. माझे मागचे तीन दात पडले, हाडांचे डॉक्टर एक्स-रे बघून माझं वय दोनदा विचारतात, आणि डावा गुडघा जिन्याच्या पहिल्या पायरीलाच नाही म्हणतो.

जावळ झालं. पाहुणे पांगले. मंजुश्री पाळण्याजवळची फरशी पुसत होती. तिनं फडकं बादलीत पिळलं, तर काळ्या मातीचं पाणी निघालं. तिनं ते बघितलं, बादली उचलली, आणि देवघरापर्यंतची बाकीची फरशी पुसत गेली.

मी उठायला गेलो आणि खुर्चीतच परत बसलो. अमृतराव धावत आत गेले आणि काठी घेऊन आले. रबरी बूच कोरडं होतं. मुठीवर धुळीचा थर होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं काळजीपूर्वक पुसला.

"घ्या, अप्पा," ते म्हणाले. "न्या नांदेडला. तिला आता लागत न्हाई."