चार निळ्या जमिनी

चोरी झाली असती तर परवडलं असतं, असं ती मुलगी दारातच म्हणाली. चोरीत निदान आपल्यालाच कुणी चोर म्हणत नाही.

भाऊजींनी तिला खुर्ची पुढे केली. भाऊजी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेले. वहिनी त्यांच्या थोरल्या भावाची बायको. वीस वर्षं विम्याचे खोटे दावे पकडून आता खाजगी तपास करायच्या. डोकं वहिनींचं आणि पाय माझे, असं भाऊजी स्वतःच सांगत.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासत असे आणि सुट्टीच्या दिवशी कार्डांचा खेळ खेळे. साठ कार्डांचा जुळवलेला संच म्हणजे डेक. तिचा लाल, निळ्या आणि हिरव्या अशा तीन रंगांचा. भाऊजींच्या डोक्यात काही शिरेना, तेव्हा तिने सोपं करून सांगितलं. जमिनीच्या कार्डांतून शक्ती मिळते. ती नसली तर हातातली बाकीची कार्डं शोभेची. साधी जमीन एकाच रंगाची शक्ती देते, पण लगेच. दुरंगी जमीन दोन रंगांची देते, पण मांडली की एक फेरी आडवी पडून आराम करते.

"म्हणजे माझ्यासारखी," भाऊजी म्हणाले. मुलगी हसली नाही.

तिने डेकमध्ये बारा दुरंगी जमिनी ठेवल्या होत्या. तशी यादी शुक्रवारीच कार्डांच्या दुकानदाराकडे दिली होती, पंचही तोच. आज दुपारी अंतिम सामन्याआधी त्याने डेक तपासला, तर चार दुरंगी गायब आणि त्यांच्या जागी चार साध्या निळ्या.

"यादी जुळली नाही की लबाडी धरतात. पाच वाजता निकाल. दोन वर्षं बंदी, आणि दुकानाच्या भिंतीवर नाव लागणार. घर सोडलं तर मला जायला तेवढी एकच जागा आहे हो."

घरी वडील होते. सहा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांना कितपत समजतं हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. डावा हात हलता राहावा म्हणून ती रोज त्यांच्याशी खेळायची. हल्ली तर ते दुरंगी कार्डं पलंगाखाली ढकलून देत आणि ती मुकाट्याने उचलून परत ठेवी.

वहिनींनी ती चार निळी कार्डं खिडकीशी नेली. कडा पिवळट पडलेल्या. वरची प्लास्टिकची पाकिटं मात्र नवी, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बारीक खळग्यांची अर्धगोल रांग.

"स्टेपलर," भाऊजींनी ठामपणे सांगितलं.

"हं," वहिनी म्हणाल्या. या "हं"चा अर्थ भाऊजींना पाठ होता. आपलं चुकलं.

दुकानदार माणूस बरा होता, पण नियमाला पक्का. साध्या जमिनी त्याच्याकडे टोपलीत फुकट पडलेल्या असत. मात्र या चार कार्डांवरच्या चित्रांची छपाई बारा वर्षांपूर्वीच थांबली होती. त्याच्याकडे असलं एकही कार्ड नव्हतं. शनिवारी दुपारी तिची पिशवी दहा मिनिटं इथेच राहिली होती, आणि शेजारी तिचा प्रतिस्पर्धी, न्हावी, बसला होता.

भाऊजींचा तपास तिथेच संपला. न्हावीच, दुसरं कोण!

न्हावी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची कात्री न थांबवता बोलला. "तिची सुरुवातीची सगळी कार्डं निळी. दुरंगी जमिनी आराम करत पडतात, तेवढ्यात मी तिला दोनदा हरवलंय. या चार जमिनींनी तिचा डेक सुधारलाय, काका. ज्यानं केलं त्याला तिचा खेळ माझ्यापेक्षा जास्त कळतो."

मग मुलीच्या घरी आत्या भेटली, वडिलांची धाकटी बहीण. तिने सांगितलं, शनिवारी संध्याकाळी मुलगी औषधं आणायला गेली होती आणि डेक पलंगावरच होता. दादा आपला जुन्या खोक्यातली कार्डं चिवडत बसला होता, लहान मुलासारखा. मुलगी दहा वर्षांची असताना त्यानेच तिला ते खोकं आणून दिलेलं. "आणि हट्टी किती! बिस्किटाचा पुडा मला उघडू देत नाही, दातांनी फाडतो."

वहिनींनी सांगितलं, पाच वाजता त्यांना चाकाच्या खुर्चीतून दुकानात आणा. त्याला तिथे काय कळणार, असं आत्या पुटपुटली, पण आणलं.

पाच वाजता सगळे दुकानात जमले. मुलगी भिंतीकडे बघत होती.

"फक्त बाद करायचं असतं, तर एक कार्ड बदललं तरी भागलं असतं," वहिनी म्हणाल्या. "इथे नेमकी चार बदलली, आणि डेक सुधारला. म्हणजे हात वैऱ्याचा नाही. पण यादी आधीच दिली आहे हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. दुकानात येणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असतं. कार्डं बारा वर्षांपूर्वीची, म्हणजे घरच्या खोक्यातली. राहिल्या या खुणा."

त्यांनी वडिलांपुढे एक रिकामं पाकीट आणि एक कार्ड ठेवलं. वडिलांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं. मग पाकिटाचा कोपरा दातांत धरला आणि डाव्या हाताने कार्ड अलगद आत सरकवलं. पाकिटावर तीच अर्धगोल रांग उमटली.

"हात एकच असला की दुसऱ्याचं काम दात करतात. ते कार्डं ढकलत नव्हते, पोरी. ते तुला सांगत होते. तुला कळेना, म्हणून शेवटी स्वतःच केलं."

आत्याने वडिलांच्या सदऱ्याचा खिसा चाचपला. चारही दुरंगी जमिनी तिथे होत्या.

दुकानदाराने निकाल सांगितला. नियमाप्रमाणे आजचा सामना गेला. पण लबाडीचा शिक्का नाही, बंदी नाही. न्हाव्याने चषक न उचलता आधी वडिलांना हात जोडले.

मुलीला त्यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली होती. "सहा महिने मी तुमच्याशी बाळाशी बोलावं तशी बोलले, बाबा," एवढंच म्हणाली, आणि रडली.

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग डेक ओढून घेतला, सावकाश चाळला, आणि आणखी एक दुरंगी जमीन टेबलावरून खाली ढकलली.

भाऊजी सवयीने उचलायला वाकले. मुलीने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "बाबा, हिच्या जागी कुठली घालू?"