डोंगरने हात खाली घेतले तेव्हा

खरं तर तो तिच्या वाट्याला यायचाच नव्हता. त्याचे नेहमीचे दातांचे डॉक्टर अचानक रजेवर गेले, आणि ठोशांपासून दात वाचवणाऱ्या माउथगार्डसाठी माप द्यायला आलेला हा रुंद खांद्यांचा बॉक्सर तिच्या खुर्चीत येऊन बसला. बसल्या बसल्या त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. जुना हेवीवेट चॅम्पियन, ज्याला सगळं जग ‘डोंगर’ म्हणायचं.

"याचा फोटो? दवाखान्यात?" तो हसला. "डॉक्टर, हा पहिल्या दहातसुद्धा बसत नाही!"

लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून तिने डोंगरच्या लढती पाहिल्या होत्या. त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की तिचं डोकंच फिरायचं.

"तोंड उघडा," ती म्हणाली, आणि मापाच्या लगद्याने भरलेला ट्रे तिने त्याच्या दातांवर दाबून बसवला. "हे घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही. आता ऐका. वर्षानुवर्षं किताब राखला त्याने. एवढा धिप्पाड माणूस, पण पाय कसे हलके पडायचे! पहिल्या तिनात आहे तो, समजलं?"

तो डोळ्यांनीच भांडत राहिला. काय बोलके डोळे होते मेल्याचे!

ट्रे निघाला तसा तो उसळला. "आणि शेवटची लढत? समोरचा दोरांवर लटकला होता. एक ठोसा—बस्स! पण याने हात खाली घेतले, पंचाकडे बघत राहिला. तेवढ्यात समोरचा सावरला आणि किताब घेऊन गेला. भित्रा होता तुमचा डोंगर!"

"भित्रा? भान हरपलेल्या माणसाला मारलं नाही म्हणून?"

भांडण अर्धवटच राहिलं. मग माउथगार्ड तयार झालं, तर "डावीकडे टोचतंय" म्हणत तो परत आला. कुठेही टोचत नव्हतं. तरी तिने उगाच जरासं घासून दिलं, कारण... कारण वाद संपला नव्हता ना! काउंटर सांभाळणाऱ्या आत्याने चष्म्यावरून पाहिलं.

"माप चुकलंय, की माणूस बरोबर आलाय?"

"आत्या, पुरे हं!" ती लाजून लाल झाली.

पुढच्या खेपेला तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. माउथगार्डची डबी त्याने तिच्यासमोर ठेवली.

"राहू दे. मी खेळ सोडतोय."

"का?"

"गेल्या महिन्यात अंतिम लढत होती. समोरच्याचे डोळे फिरले होते... मला मारवेना. मी थांबलो, आणि हरलो. क्लबात सगळे घाबरट म्हणतात. डोंगरला मी बोल लावतो ना डॉक्टर, ते खरं तर मलाच असतात."

एवढे दिवस ती डोंगरची बाजू घेत होती, आणि तो प्रत्येक शब्द हा स्वतःसाठी ऐकत बसला होता.

"पुन्हा तशी वेळ आली तर?"

"पुन्हा थांबेन," तो मान खाली घालून म्हणाला. "तेच तर..."

"मग थांबा!" तिचा आवाज कापला. "डोंगरने किताब घालवला, पण समोरचा माणूस आपल्या पायांनी घरी गेला. म्हणून मी त्याला पहिला नंबर देते. पहिल्या तिनात वगैरे नाही—पहिला! आणि तुम्ही... तुम्ही मला आवडता. खेळ सोडायचाच तर कंटाळा आला म्हणून सोडा, लोक बोलतात म्हणून नको. पुढच्या लढतीला मी अगदी पुढे येऊन बसेन."

त्याने डबी हळूच खिशात टाकली. "आणि हरलो तर?"

"तर हाताला धरून घरी घेऊन जाईन."

"जिंकलो तर?"

"तरीही."