मेहनाजची आचारसंहिता

"तितं नका बसू. ऊन येतं."

मेहनाजने दचकून वर पाहिलं. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून एक मुलगा बसला होता. निळा चौकड्यांचा शर्ट, हातात ना वही ना पेन, आणि तोरा असा की वर्गाचा मालकच!

ती मुकाट्याने सरकून बसली. वाद घालायची सोय नव्हती, कारण ती या वर्गातली नव्हतीच. बारावीचा निकाल लागला होता. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं, हेही पक्कं होतं. अडत होतं ते कॉलेजपाशी. घराजवळचं हे एक आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचं एक. माहितीपत्रकात दोन्ही सारखीच देखणी दिसत होती. म्हणून तिने ठरवलं, दुसऱ्या वर्षाच्या तासाला गुपचूप मागे बसायचं आणि आपणच बघून घ्यायचं.

"सर कसे शिकवतात?" तिने हळूच विचारलं.

"लई भारी," तो म्हणाला. "डोळा लागत न्हाय."

सर आले. त्यांनी पक्षांतरबंदी कायद्याची व्याख्या सांगितली, मुलांनी ती लिहून घेतली. मग सरांनी तीच पुन्हा सांगितली. जून संपत आला तरी सोलापूरचं ऊन मागे हटायला तयार नव्हतं, पण इथले पंखे मात्र एकजात झकास फिरत होते. मेहनाजने शेजारी नजर टाकली. डोळा न लागणारा मुलगा गाढ झोपला होता.

तास सुटल्यावर तिने बाकावर टकटक केलं. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि... हसला. चोरी पकडली गेल्यावर लहान मूल हसतं तसा. शुक्रवार पेठेत घरी पोचेपर्यंत तिला ती व्याख्या आठवत नव्हती. हसू आठवत होतं.

त्याच आठवड्यात ती दुसऱ्या कॉलेजात गेली. वाटेत रिक्षा बदलावी लागली. भिंतींचे पोपडे निघालेले, एकुलता एक पंखा कुरकुरत होता. ती शेवटच्या बाकाकडे वळली आणि जागीच थांबली.

निळ्या चौकड्या!

"तू इथे?"

"तू हितं?"

"तू तर त्या कॉलेजचा ना?"

"कुटला! मी नातेपुत्याचा. हितं मामूकडं आलोय, कॉलेज बघायला. मला वाटलं, तूच तिथली."

"मग 'सर लई भारी' असं कोण म्हणालं?"

"तू इतक्या काळजीनं इचारलंस..." तो कान खाजवत म्हणाला. "न्हाय कसं म्हणायचं?"

तिने ओढणी तोंडावर धरून हसू दाबलं, तेवढ्यात हिरेमठ मॅडम आत आल्या. विषय तोच, पक्षांतर. मॅडमनी पुस्तक मात्र मिटून ठेवलं.

"निवडून आलेला माणूस पक्ष सोडून गेला. त्याने फसवलं कुणाला? पक्षाला की मतदाराला?"

मेहनाज आपण इथे चोरून आलो आहोत हे विसरली आणि उभी राहिली. "मतदाराला. पक्ष निदान तक्रार तरी करू शकतो. मतदाराने कुठे जायचं?"

"अर्धं चूक," मॅडम म्हणाल्या. "मतदाराने मत माणसाला दिलं होतं की चिन्हाला, ते तू तपासलंच नाहीस. पण थांबू नकोस. बोल."

ती बोलली. मग एक मुलगी तिच्या विरोधात बोलली, मग तिघं-चौघं एकदम. घंटा कधी झाली ते कुणाला कळलंच नाही.

"रोल नंबर काय तुझा?" मॅडमनी विचारलं.

मेहनाजचे कान तापले. "मॅडम... मी अजून प्रवेश घेतलेला नाही."

"आणि शेजारचा?"

"मीबी न्हाय, मॅडम."

वर्ग खो खो हसला. त्याची मान खाली गेली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "हसायला काय झालं? विचारलं तेवढं त्याने नीट सांगितलं. तुमच्यातले किती जण सांगतात?"

सात रस्त्याजवळच्या रसवंतीत दोघं समोरासमोर बसले. त्याचं नाव अल्तमश. ग्लासवर जमलेल्या थेंबांतून तो बोटाने रेघ ओढत होता, आणि त्या बोटाकडे आपण किती वेळ बघतो आहोत हे मेहनाजच्या उशिरा लक्षात आलं.

"मग... कुटलं कॉलेज घेणार?" त्याने विचारलं.

तिचं उत्तर ओठांवर होतं, पण ती सावध झाली. तिचे अब्बू टेंपोतून चादरींचे गठ्ठे पोचवायचे. त्यांनी एकच अट घातली होती, "कौनसा बी कॉलेज ले. पन कैकू लिया, वो मेरे कू समझा." अब्बूंना काय सांगणार? तिथे निळ्या चौकड्या बसतात म्हणून? आणि हा आपल्या मागे आला, उद्या पस्तावला, तर?

"सांगणार नाही. तूही सांगू नकोस."

"का गं?"

"आचारसंहिता. आजपासून प्रचार बंद. भेटायचं नाही, फोन नाही. ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी कुणासाठी पक्षांतर करायचं नाही."

"आन दोघं दोन कॉलेजात गेलो तर?"

"तर..." तिने नळीने रस उगाच ढवळला. "सोलापूर काय एवढं मोठं नाही."

तिचा आवाज मात्र तेवढा ठाम निघाला नाही. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "मान्य, आयोगसाहेब."

त्याने नंबर मागितला नाही. तिने दिला नाही. घरी जाताना तिला दोघांचाही राग आला.

अम्मीचं मत जवळच्या कॉलेजला होतं. अब्बू टेंपोच्या पायरीवर बसून ऐकत होते. मेहनाज त्यांना म्हणाली, "वहाँ मेरे कू गलत बोले, अब्बू. फिर बी बोलने दिये."

अब्बूंनी थोडा विचार केला. "हौ," ते म्हणाले. "ये समझ्या."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी रिक्षा मिळेना. धापा टाकत ती मागच्या दाराने आत शिरली आणि सवयीने शेवटच्या बाकावर बसली. शेजारची जागा रिकामी. तिने मागच्या सगळ्या रांगा नजरेने चाळल्या. निळ्या चौकड्या नव्हत्या.

गेला. पंख्यांखाली गेला.

आता पश्चात्ताप होणार म्हणून ती वाट बघत राहिली... तो झाला नाही. हिरेमठ मॅडमनी फळ्याकडे पाठ केली, पुस्तक मिटलं, आणि वाईट वाटत असूनही मेहनाजला कळलं, की आपण बरोबर जागी बसलो आहोत. तो असो वा नसो.

"राज्यशास्त्र कशाला शिकायचं?" मॅडमनी विचारलं. "कोण सांगतं?"

अगदी पहिल्या रांगेतून एक पांढरा शर्ट उभा राहिला.

"म्हंजी कसं हाय मॅडम..."

मेहनाजने इतका मोठा सुस्कारा सोडला, की पुढची मुलगी वळून बघायला लागली.

तास सुटल्यावर तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. "मागे का नाही बसलास? मी जीव मुठीत धरून बसले होते!"

"चोरून यायचो तवा मागं बसायचो. आता फी भरलीया की!"

"हे कॉलेज का घेतलंस? खरं सांग."

तो गंभीर झाला. "त्या दिवशी सगळी माझ्या बोलण्याला हसली. मॅडम न्हाय हसल्या. म्हणलं, हितं आपल्याला तोंड उघडता यील."

"म्हणजे... माझ्यासाठी नाही?"

"न्हाय."

तिला हायसं वाटलं. आणि लगेच, थोडंसं, झोंबलंही. "अजिबात नाही?"

"अजिबात न्हाय म्हणलं तर खोटं व्हईल," तो खाली बघत म्हणाला. मग मान वर केली. "आयोगसाहेब, आचारसंहिता उठली का?"

"उठली."

"मग आता प्रचार सुरू करू?"

मेहनाज पायऱ्या उतरायला लागली. शेवटच्या पायरीवर थांबून तिने वळून पाहिलं.

"कशाला? दुसरा कुणी उभाच नाही. बिनविरोध आलास तू."

आणि तो अजून वरच उभा आहे, हे बघून म्हणाली, "चल आता. रस तू पाजायचास."