शेपटाकडची बत्ती

तंबू बांधून झाले ना? मग टेका आता. तो मोठा दिवा घालव बघू, डोळ्यांवर येतोय. हां... असं.

उद्याच्या रात्रीच्या चालीत शेवटी कोण चालणार, ते ठरलं का? मघापासून ऐकतोय मी. पुढं चालायला सगळे तयार, शेवटी चालायचं म्हटलं की एकेकाचे पाय दुखायला लागतात. हसू नका. पथकात आलात, गळ्यात स्कार्फ बांधला, म्हणजे नुसत्या गाठी आणि शेकोटीची गाणी नाहीत. शेवटी कुणीतरी चालावंच लागतं. का, ते सांगतो.

हे माझ्या साडूंचं. त्यांच्याच तोंडून ऐकलंय आणि हा माणूस थापा मारणाऱ्यातला नाही. चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. कुणाला पाव नंबर जास्त दिला गेला असं वाटलं, तर रात्रभर कुशी बदलणारा माणूस. शनिवार-रविवार दुकान बायकोवर सोपवायचं आणि पथकाच्या पोरांत जायचं, असा बारा-तेरा वर्षांचा शिरस्ता. माझी मेव्हणी म्हणायची, “यांना घरातली दोन सांभाळवत नाहीत, म्हणून लोकांची वीस आणतात.”

तर जानेवारीतला तिसरा शनिवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच मनाचं घालू नका. चंद्र होता, पण धुकं इतकं की असून नसल्यासारखा. साडूंनी दुपारीच दुकान बंद केलं. टॉर्चचे सेल, बिस्किटांचे पुडे आणि खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि टेकडीपलीकडच्या शिबिरावर पोचले. त्या रात्री पोरांची परीक्षा होती. शिबिरापासून कालव्याच्या काठानं चालत गावाबाहेरच्या पाण्याच्या पंपापर्यंत यायचं. तिथं आईबाप टेम्पो घेऊन थांबणार. मधे गाडीरस्ता नाही, वस्ती नाही, आणि शिबिर सोडलं की पंपापर्यंत फोनला रेंज नाही. पण पायवाट सरळ. साडूंची पाठ झालेली.

पुढं साडू, मधे पोरं, शेवटी सिस्टर. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की पेशंट उठून बसावा. पोरं शेवटच्या जागेला शेपूट म्हणायची, आणि सिस्टरना लाडानं शेपूटबाई. प्रत्येक वळणावर साडू पुढून टॉर्च दोनदा मारणार, शेपटाकडून एकदा लांब बत्ती आली की समजायचं, सगळं ठीक. पथकाचा आणखी एक नियम होता. प्रत्येक थांब्यावर पुढच्यानं मागंपर्यंत चालत जायचं आणि एकेक चेहरा बघायचा. नुसत्या बत्तीवर भागवायचं नाही.

जेवणं उरकून निघाले. पोरं खुशीत होती, कुणी घुबडाचा आवाज काढतंय, कुणी कुणाच्या टाचेवर पाय देतंय. पहिलं वळण आलं. साडूंनी दोनदा टॉर्च मारला. मागून लगेच बत्ती आली. थांबले, मागं जाऊन चेहरे बघितले, सिस्टरशी दोन शब्द बोलले. सगळं व्यवस्थित.

तिथून पुढं धुकं खाली उतरलं. आपलाच हात आपल्याला परका वाटावा असं. पोरं गप्प झाली. दुसऱ्या वळणावर साडूंनी टॉर्च मारला. बत्ती आली, पण जरा उशिरा. साडू मागं जायला निघाले. तेवढ्यात पुढच्या दोघी कुडकुडत म्हणाल्या, “सर, उभं राहिलं की जास्त थंडी वाजते.” साडूंना वाटलं, बत्ती तर आलीय. पोरांना कशाला गारठवा? चला.

तिसऱ्या वळणावर त्यांनी टॉर्च मारला आणि बत्ती आली तशी त्यांच्या मनात काहीतरी खटकलं. बत्ती उंचावर होती. सिस्टरच्या डोक्याच्याही वर. साडूंनी स्वतःची समजूत घातली, धुक्यामुळं हात वर धरला असेल. बाई हुशार आहे.

मग साकव आला. कालव्यावरचा सिमेंटचा छोटा पूल, पायी जाण्यापुरता. एका बाजूला कठडा होता, दुसऱ्या बाजूला तोही नाही. साडू आधी गेले आणि पलीकडे उभे राहिले. पोरं एकेक करून येऊ लागली. पुढची सगळी आली. मागच्या पोरांना यायला वेळ लागत होता. आणि साकवाच्या त्या टोकाला बत्ती लागली. या वेळी त्यांनी टॉर्च मारला नव्हता.

बत्ती लागली ती लागलीच.

हलत नव्हती. विझत नव्हती.

मग आवाज आला. धप्प. पाण्यात काहीतरी जड पडल्यासारखा. साडू ओरडले, “सिस्टर! काय झालं?”



त्यांनी टॉर्च दोनदा मारला. पलीकडची बत्ती विझली. आणि पुन्हा लागली. एकदाच. लांब.

सगळं ठीक.

धुक्यातून मागच्या पोरांची डोकी दिसायला लागली. पाय वाजत होते. साडू म्हणाले, दगड पडला असेल. आणि वळून चालू लागले. मला हे सांगताना ते इथं थांबले होते. चष्मा काढून पुसत बसले... बराच वेळ.

पंपाचा दिवा दिसला तेव्हा पोरं पळतच सुटली. पंपावरच्या ऑपरेटरनं दार उघडलं, म्हातारा भला माणूस, चहाचं भांडं चढवूनच बसला होता. रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा. आईबाप उतरून हाका मारत होते. साडू दिव्याखाली उभे राहून एकेकाला आत घेऊ लागले. पुढची आली. मधली आली. मागची सहा-सात मात्र पळाली नाहीत. ती एका ओळीत, एका चालीनं आली. सगळ्यात शेवटी चिंगी, पथकातली सगळ्यात लहान.

चिंगीच्या मागं कुणी नव्हतं.

“सिस्टर कुठायत गं?”

“त्या तर मागं गेल्या, सर. पहिल्या वळणानंतरच. आमच्यातल्या एकीला ताप आला ना, तिला घेऊन गेल्या शिबिरावर.”

“मला कुणी सांगितलं नाही!”

“सांगितलं की. निरोप पुढं पाठवला आम्ही.”

साडूंनी मधल्या पोराकडं बघितलं. त्यानं पुढच्याकडं. पुढचा चाचरत म्हणाला, “सर, मला ‘सिस्टर मागं आहेत’ असं ऐकू आलं. ते तर तुम्हाला ठाऊकच होतं. म्हणून मी...”

साडूंनी फोन लावला. इथं रेंज होती. सिस्टरनी पहिल्याच रिंगला उचलला. “सर, किती वेळा लावला फोन! पोरीचा ताप उतरलाय, झोपलीय माझ्या मांडीवर. तुम्ही सगळे नीट पोचलात ना?”

साडूंनी फोन खिशात ठेवला. चिंगीपुढं खाली बसले.

“चिंगे, मग मागून बत्ती कोण दाखवत होतं?”

मागची सगळी पोरं पायांकडं बघत होती.

“घाबरू नकोस. सांग.”

“माहीत नाही. मागून दोरी आली. म्हणून आम्ही बांधून घेतली.”

तेव्हा साडूंचं लक्ष गेलं. त्या सहा-सात पोरांच्या कमरेला एकच दोरी होती. जाड, जुनी. पथकाची नव्हतीच ती. आणि गाठी अशा पक्क्या की यातल्या एकाही पोराला अजून शिकवल्या नव्हत्या.

“कुणी दिली दोरी? बघितलंस का तू?”

“हात बघितला.”

“कसा होता?”

चिंगीनं बराच विचार केला.

“थरथरत होता,” ती म्हणाली. “आमच्यापेक्षा जास्त.”

“आणि तोंड?”

“बघितलं नाही.”

“बघू नका म्हणाले का ते?”

“नाही. काहीच नाही म्हणाले... पण आम्ही नाही बघितलं.”

साडू उठले. आणि थिजले. चिंगीच्या कमरेपाशी दोरी संपलेली नव्हती. ती मागं गेली होती. दिव्याच्या उजेडाबाहेर. धुक्यात.

आणि ताठ होती.

ऑपरेटरनं ती बघितली, आत जाऊन सुरी घेऊन आला. “कापा, साहेब. आधी पोरं मोकळी करा.” साडूंनी सुरी घेतली. दोरीला लावली. आणि त्यांचा हात अडला. टोकाला माणूस असला तर? आपली पोरं इथवर आणली त्यानं. त्याला तसाच अंधारात कापून टाकायचा?

त्यांनी हाक मारली, “कोण आहे? या पुढं. इथं उजेड आहे.”

पलीकडे एका बाईनं आपलं पोर छातीशी घट्ट धरलं.

साडूंनी दोरी हाताला गुंडाळली आणि ओढायला सुरुवात केली. जड होती. माणसाइतकी जड. एक हात... दुसरा हात... ऑपरेटरही लागला. जड. तशीच जड. आणि मग एकदम...

हलकी झाली. दोघं मागं पडले.

दोरीचं टोक घासत घासत दिव्याखाली आलं. टोकाला एक फास होता. मोठ्या माणसाच्या कमरेएवढा. गाठ तशीच बांधलेली. आत कुणी नाही.

पोरांच्या गाठी मात्र हात लावल्या लावल्या सुटल्या. आईबापांनी कुणाला काही विचारलं नाही. पोरं उचलली आणि टेम्पोत बसवली. चिंगी जाताना एवढंच म्हणाली, “सर, पुलावर माझा पाय आत गेला होता. मग मागून कुणीतरी जोरात ओढलं.”

ऑपरेटर आणि साडू मोठा टॉर्च घेऊन साकवापर्यंत गेले. मधला तुकडा नव्हता. सिमेंट तुटून पाण्यात गेलं होतं, गंजलेल्या सळ्या तेवढ्या उघड्या पडल्या होत्या. एका कडेला वीतभर पट्टी उरलेली. मागची पोरं तिच्यावरून आली होती. त्या अंधारात.

तुम्ही विचाराल, तिथं पूर्वी कुणी बुडालं होतं का? मीही विचारलं. ऑपरेटरचा जन्म गेला त्या पंपावर. तो म्हणाला, कुणी नाही. गुडघ्याएवढं पोरही नाही. मला काहीतरी कारण मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. नाही मिळालं.

लोक साडूंना म्हणाले, देवमाणूस होता कुणीतरी, पोरं वाचवली. ते हो-हो म्हणायचे. पण पटलेलं नव्हतं त्यांना. एकदा मला म्हणाले, “वाचवायलाच आला असेल, तर हात का थरथरत होता? त्याच्या मागं काय होतं?”



त्या रात्री सगळे गेल्यावर ते पंपाच्या पायरीवर एकटे बसले. काहीतरी करायचं म्हणून दोरी गुंडाळायला घेतली. धुक्यानं ओली. बर्फासारखी गार. बोटं बधिर होत होती. वेटोळं घालत घालत शेवटी टोकाला आले. फास हातात घेतला.

बाहेरून गार.

आत बोट घातलं...

आतून उबदार होता. नुकताच कुणीतरी कमरेचा काढून ठेवावा, तसा.