बारा वीसची भरती

छाया वर्तक यांच्या ट्रेड लायसन्सवर ‘भाषांतर आणि टायपिंग’ असं लिहिलेलं होतं. अमिरातीतल्या फुजैरात खाजगी हेरगिरीला मनाई होती की नाही, हे कोणी विचारायला गेलं नव्हतं. अर्जात तसा रकाना नव्हता, एवढंच.

मुंबईत बारा वर्षं सागरी विम्याचे खोटे दावे पकडल्यावर ती नवऱ्यामागून इथे आली. नवरा सोमनाथ तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला. तपासाला गाडी तोच चालवायचा, कारण छाया ड्रायव्हिंग टेस्टमध्ये सहा वेळा नापास झाली होती. आजवर तिच्या हातून एकही लबाड सुटला नव्हता. क्लच मात्र दर वेळी सुटायचा.

पंधरा नोव्हेंबर १९९७, शनिवार. सकाळी साडेसातला दारात रफिक उभा होता. मूळचा दाभोळचा, वय तिशीच्या आसपास. खोर फक्कानला भाड्याच्या बोटी देणाऱ्या दुकानात बोटी धुवायच्या, पेट्रोल भरायचं, दोर-नांगर तपासून त्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या, हे त्याचं काम. गिऱ्हाईक बोट स्वतः चालवत बेटावर जातं, चष्मा-नळी लावून मासे बघतं आणि चारला परत येतं. त्यासाठी गाडीचं लायसन्स पुरतं.

“म्हणजे मला बोटसुद्धा मिळणार नाही,” छाया म्हणाली. “बसा. काय झालं?”

“ताई, उद्या सकाळी माझा व्हिसा कॅन्सल.”

काल शुक्रवारी सकाळी साडेआठला दुबईहून तिघं आले होते. दत्तप्रसाद केतकर, त्यांची बायको स्वप्नाली आणि केतकरांच्या हाताखालचा नीलेश. दुपारी तीनला एका मच्छीमाराने त्यांना आपल्या होडीतून आणून सोडलं. त्यांची बोट बेटाच्या मागच्या खडकांवर फुटलेली सापडली, इंजिनाचा पाय मोडलेला. नांगराचा दोर पुढे लोंबत होता, टोकाला नांगर नव्हता. केतकरांनी जागेवरच जबाब लिहून दिला: बोट बेटाच्या अलीकडच्या उपसागरात नांगरलेली, आम्ही पाण्यात, बारा वीसला पूर्ण भरती आली, बोट वर उचलली गेली, दोर ताणला, नांगराची गाठ सुटली.

गाठ रफिकची. दुकानाच्या मालकाला, म्हणजे अरबाबला, एवढं पुरलं. रविवारी सकाळी त्याचा मंदूब, सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणारा माणूस, रफिकचा पासपोर्ट घेऊन इमिग्रेशनला जाणार होता.

“धाकट्या भावाचे पेपर ह्याच अरबाबकडे आलेत, तेपण गेले,” रफिक म्हणाला. “आणि घरी काय सांगू? चार पिढ्या तांडेल आम्ही, होड्या हाकणारे. रफिकची गाठ सुटली, हे बंदरावर कळलं तर बाप जेवायचा नाही.”

सोमनाथ चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरापाशी गेला. कॅलेंडर दर वर्षी दादरहून कोणाच्या तरी सुटकेसमधून यायचं आणि संकष्टी, गॅस सिलिंडर, मुलीची, ओवीची परीक्षा असं सगळं त्याच्यावर लिहिलेलं असायचं.

“शुक्रवार, चौदा. त्रिपुरी पौर्णिमा. भरती दुपारी बारा वीस.” त्याने चष्मा वर केला. “केतकर खरं बोलतोय गं. मिनिटाला मिनिट.”

छाया उठली, कॅलेंडर जवळून बघितलं, आणि परत बसली. मग रफिकला म्हणाली, “गाठ मारून दाखवा.”

दोर म्हणून ओवीची उडी मारायची दोरी मिळाली. मुलीने “मम्मा, दॅट्स माइन” एवढी हरकत नोंदवली आणि शाळेला गेली. रफिकने खुर्चीच्या पायाला गाठ मारली, खिशातून तंगूस, मासे धरायचा तो नायलॉनचा धागा, काढला आणि दोरीचं उरलेलं शेपूट मुख्य दोराला करकचून बांधलं.

“हे आमच्या आज्याचं. सुरीशिवाय निघत नाही.”

“अरबाबला सांगितलंत?”

“सांगितलं. तो म्हणाला, खलास, बोट फुटली ना?”

त्यांना कुठे जाऊ नका असं सांगितलं होतंत का, हेही तिने विचारलं. सांगितलं होतं. बेट आणि मोठा खडक यांच्यामध्ये एक खिंड आहे, तिथून पलीकडच्या किनाऱ्यावर पाच मिनिटांत जाता येतं, पण तळाशी खडक आहेत. पाणी अगदी पूर्ण चढलेलं असेल तेव्हाच जायचं, नाहीतर वळसा. केतकर म्हणाले होते, माहितीये, मी सगळं बघून आलोय.

“आणि गुडघ्याला काय लागलंय?”

रफिक ओशाळला. जुम्म्याच्या नमाजाला जाण्याआधी, बाराच्या सुमाराला, तो जेट्टीच्या पायऱ्यांवर पाय धुवायला उतरला होता. वरच्या तीन पायऱ्या पाण्यातून नुकत्या उघड्या पडलेल्या, त्यांच्यावर शेवाळ. तिथेच घसरला. सकाळी पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं, केतकरबाई तर जेट्टीवरून सरळ बोटीत पाय टाकून बसल्या होत्या.

सोमनाथने त्याला डेटॉल आणून दिलं. छायाने वहीत काहीतरी लिहिलं.

खोर फक्कान अर्ध्या तासावर. दुकानामागे फुटकी बोट ओढून ठेवली होती. सोमनाथने भोकाकडे बघून हळहळ व्यक्त केली. छायाने दोराचं टोक हातात घेतलं, पीळ उलगडला, आणि आत अडकलेला नखाएवढा पांढरा तुकडा पाकिटात टाकला. मग अरबाबशी बोलली. तो वाईट माणूस नव्हता. जबाब वाचला होता, सही होती, साहेब शिकलेला दिसत होता. कामगाराकडे सहीचा कागद नव्हता. जगात बरेचसे न्याय असेच होतात.

त्याने एवढं कबूल केलं, की संध्याकाळी पाचपर्यंत काही दाखवता आलं तर बघू, इन्शाल्ला. केतकरांचं लायसन्सही त्याने अडकवून ठेवलं होतं, त्यामुळे तिघं समोरच्या हॉटेलातच होते.

हॉटेलच्या लॉबीत चहा आठ दिरहॅमला होता. सोमनाथने “म्हणजे ऐंशी रुपये” असं म्हणून स्वतःसाठी मागवला नाही.

दत्तप्रसाद केतकर पंचेचाळिशीचे, इस्त्रीची अर्धी बाही, खिशाला दोन पेनं. दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका कन्स्ट्रक्शन कंपनीत ते सेफ्टी मॅनेजर होते, आणि पाच वर्षांत आपल्या साइटवर एकही अपघात नसल्याचं त्यांनी दुसऱ्याच वाक्यात सांगितलं. तिसऱ्या वाक्यात हेल्मेट न घालणाऱ्या कामगारांविषयी मत दिलं.

“हे बघा वर्तकबाई, सिंपल फिजिक्स आहे. बारा वीसला फुल भरती. बोट वर, दोर टाइट, गाठ कच्ची. ह्या लोकांना प्रोसिजर म्हणून नसतेच. माझं वैयक्तिक काही नाही त्या पोराशी.”

“तुमची घड्याळं पाण्यात चालत होती?”

“माझं वॉटरप्रूफ आहे.”

“भरतीची वेळ घड्याळावर कळत नाही.”

“मी कुठल्याही ट्रिपला अभ्यास करून जातो,” केतकर म्हणाले, आणि नीलेशकडे बघितलं. नीलेशने मान हलवली.

स्वप्नालीबाई वेगळ्या बसून बोलल्या. नवरा सांगेल तेच त्यांनी सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. गाऱ्हाणी मात्र स्वतःची होती. ह्यांच्या वेळापत्रकात पाच मिनिटं इकडची तिकडे होत नाहीत. साडेबाराला पलीकडच्या किनाऱ्यावर जेवण ठरलं होतं, आणि बसावं लागलं दोन तास खडकावर, उन्हात. नव्या सँडल्सनी टाच सोलून निघाली. नशीब, डबा होता. कोथिंबीर वडी त्यांनी त्या मच्छीमारालाही दिली, बिचाऱ्याने चार खाल्ल्या.

“चांगल्या झाल्या असणार,” सोमनाथ मनापासून म्हणाला. छायाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला वाटलं आपण काहीतरी महत्त्वाचं बोललो.

नीलेश सत्तावीसचा, पट्टीचा पोहणारा. प्रत्येक प्रश्नाला “सर म्हणाले तसंच” हे त्याचं उत्तर. पायाशी बॅग होती, तिच्यातून पोटरीला बांधायच्या सुरीचं रबरी म्यान डोकावत होतं. डिसेंबरात त्याचं अप्रेझल होतं. सही कोणाची, हे छायाने विचारलं. त्याने केतकर बसले होते त्या दिशेला पाहिलं.

बाहेर आल्यावर सोमनाथ म्हणाला, “हा नीलेश. सुरी त्याची, पोहता त्याला येतं. ह्यानेच दोर कापला.”

“दोर कापलेला नाहीये. टोक बघितलंस का, कारखान्यातून आलं तसं वितळवलेलं आहे.”

“मग गाठ सुटलीच की.”

“हो. प्रश्न आहे, बारा वीसला ह्यांची घड्याळं कुठे होती आणि पाणी कुठे होतं.”

तिने रफिकला गाठलं, कालच्याच मच्छीमाराची होडी घ्यायला सांगितलं, आणि बेटाजवळ कुठे बुडी मारायची ते कागदावर काढून दिलं.

पाच वाजता अरबाबच्या ऑफिसात सगळे जमले. भिंतीशी कामगारांचे पासपोर्ट ठेवायचं लोखंडी कपाट, टेबलावर रफिकचा पासपोर्ट, उद्यासाठी बाहेर काढलेला. रफिक अजून आला नव्हता. केतकर खुर्चीत, शेजारी स्वप्नालीबाई, नीलेश दाराला टेकून. छाया हिंदीत बोलली, म्हणजे अरबाबलाही समजावं.

“सुरुवात डब्यापासून करू. बोट नांगरलेली होती, तिघं पाण्यात पोहत होते, तेवढ्यात बोट सुटून गेली, असा जबाब आहे. मग बोटीतला डबा खडकावर कसा आला? स्वप्नालीबाई सँडल्स घालून पोहत होत्या का? बोट अचानक पळाली असती तर हे तिघं अनवाणी आणि उपाशी सापडले असते. म्हणजे बोटीतून सामान उतरवायला वेळ होता. बोट ह्यांच्या हाताखालून गेलेली नाही. हे बोटीतून उतरलेत.”

स्वप्नालीबाईंनी पाय खुर्चीखाली घेतले.

“दुसरं. केतकरांच्या वेळापत्रकाप्रमाणे साडेबाराला पलीकडे जेवण. जो माणूस पाच मिनिटं हलू देत नाही, तो बारा वीसला पोहत नसतो. तो बारा वीसला वाटेत असतो. आणि पाच मिनिटांत पलीकडे नेणारी वाट एकच, खिंड. ती फक्त पूर्ण भरतीला चालते. रफिकने बजावलं होतं.”

“भरती होतीच,” केतकर म्हणाले. “बारा वीसला. तुम्ही कुठेही चेक करा.”

“केलं. आमच्या स्वयंपाकघरात. तुमच्याही स्वयंपाकघरात तेच कॅलेंडर असणार. चौदा तारीख, भरती बारा वीस. माझ्या नवऱ्याने सकाळी हेच वाचलं आणि तुम्हाला खरं ठरवलं.”

सोमनाथने मान डोलावली.

“त्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक शब्द आहे. मुंबई.”

केतकरांनी खिशाचं एक पेन काढलं आणि परत लावलं.

“मुंबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आणि समुद्र त्याहून वेगळा. इथे काल, बंदराच्या तक्त्याप्रमाणे, पूर्ण भरती सकाळी पावणेदहाच्या सुमाराला होऊन गेली. बाराला रफिक जेट्टीच्या तिसऱ्या पायरीवर, उघड्या शेवाळावर घसरला, गुडघा बघा. आणि आता तुमचं फिजिक्स. पाणी चढताना बोट उचलली जाते, दोर ताणतो. बारा वीसला पाणी उतरत होतं. उतरत्या पाण्यात दोर सैल पडतो. जे पाणी तिथे नव्हतंच, त्याने गाठ कशी सोडवली?”

अरबाबने जबाबाचा कागद पुन्हा उचलला.

“आपण पंधरा वर्षं परदेशात राहतो, पण चतुर्थी कधी आणि समुद्र कधी भरतो, हे दादरला विचारतो,” छाया म्हणाली. “त्यात गुन्हा काही नाही. तुम्ही पूर्ण वेगात खिंडीत शिरलात, इंजिनाचा पाय मोडला, बूड फुटलं. तेव्हाच परत येऊन सांगितलं असतंत तर एक अपघात झाला असता. पण सेफ्टी मॅनेजरला अपघात होऊन चालत नाही. म्हणून सामान खडकावर उतरवलं, नांगर सोडून पाण्यात टाकला आणि बोट लाटेवर ढकलून दिली. मग दोष एका गाठीवर गेला. गाठ सोडायला सुरी लागली, कारण शेपटाला तंगूस होता. हा त्याचा तुकडा, दोराच्या पिळात राहिलेला. ताणून तुटला असता तर टोक लांबून केसासारखं झालं असतं. हे सरळ कापलंय.”

“तर्क आहेत सगळे,” केतकर म्हणाले. आवाज मात्र सेफ्टी मीटिंगचा राहिला नव्हता.

“हो. म्हणून एक प्रश्न उरतो. जबाबाप्रमाणे नांगर उपसागराच्या तळाशी हवा.”

रफिक ओलाचिंब आत आला. त्याने नांगर टेबलावर, जबाबाच्या शेजारी ठेवला. खाली पाण्याचं थारोळं झालं. पासपोर्ट भिजू नये म्हणून अरबाबने तो चटकन उचलला.

“खिंडीत,” रफिक म्हणाला. “मधोमध. ताईंनी काढून दिलं होतं तिथेच.”

मग दाराशी टेकलेला नीलेश म्हणाला, “सुरी माझी. कापायला सरांनी सांगितलं.” आणि रफिकला म्हणाला, “सॉरी, भाऊ.”

“नीलेश,” केतकर म्हणाले.

“सर, अप्रेझलमध्ये लिहा.”

स्वप्नालीबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी काल खडकावरच म्हणत होते, त्या पोराचं नाव नको घालूया.”

बोटीचं काय करायचं, हे अरबाब आणि केतकर ठरवणार होते. छायाला त्यात रस नव्हता. अरबाबने रफिकला विचारलं, तुला काय पाहिजे. सोमनाथला वाटलं, पोरगा आता सुट्टी मागेल, पगार मागेल. रफिक जबाबाच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला, “गाठ सुटली, ते खोडा. आणि खाली लिहा, सोडली.”

केतकरांनी खोडलं, लिहिलं, सही केली. रफिकने त्याची एक प्रत मागून घेतली. ती दाभोळला जायची होती.

अरबाबने पासपोर्ट बाहीला पुसला, कपाट उघडून मागच्या कप्प्यात ठेवला आणि किल्ली दोनदा फिरवली. आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद होताना बघून एखाद्याचा चेहरा इतका उजळलेला सोमनाथने आयुष्यात पाहिला नव्हता.

“यल्ला, चल,” अरबाब रफिकला म्हणाला. “उद्या आठला दोन बोटी जायच्यात. गाठी बघून घे.”