चौघांचं चाललंय

मराठी विनोदाचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर त्याचे दोन खंड करावे लागतील: माझ्याआधीचा आणि माझ्यानंतरचा. हे वाक्य मी माझ्या निरोपसमारंभासाठी तयार करून ठेवलं होतं. समारंभ मी ज्या दैनिकात व्यंगचित्रं काढायचो, त्याच्या कँटीनमध्ये झाला, लिफ्टमन लवूच्या निवृत्तीबरोबर जोडून. लवू आधी बोलला. लोक इतके हसले की माझी पाळी येईपर्यंत बटाटेवडे संपले होते, आणि वड्यांबरोबर श्रोतेही.

मग नाहूरला घरी बसून करायचं काय, तर चित्रपट्टी. रोज तीन चौकटी, एक कुटुंब, एक हलका विनोद. एकच पट्टी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अकरा पेपरांना पुरवणारी एक कंपनी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होती. तिथली संपादक दिशा, वय असेल एकोणतीस-तीस, मला म्हणाली, "काका, राजकारण नको हां. फॅमिली द्या. तुमच्याच घरातली वाटली पाहिजे."

मी मुळात आळशी. घरातलीच दिली. आप्पा म्हणजे मी, माई म्हणजे माझी बायको वसुधा, आणि मुलगा-सून म्हणजे आमचे अनिरुद्ध आणि माधुरी, फक्त नाकं वाढवून. पट्टीचं नाव 'चौघांचं चाललंय'. कंपनीला आधी नमुनातक्ता लागतो: प्रत्येक पात्र समोरून, बाजूनं, पाठीमागून. तो काढताना माझाच गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या पायाखाली मी निळ्या पेन्सिलीनं खरं नाव लिहिलं. निळी पेन्सिल छपाईत उतरत नाही, म्हणून आमच्या धंद्यात ती कुणी खोडत बसत नाही. तक्ता तसाच गेला. सोबत सही केलेला करारही गेला. जन्मभर सरकारी कागदांतली बारीक अक्षरं वाचून लोकांना हसवणाऱ्या माणसानं त्यातलं सातवं कलम वाचलं नव्हतं.

पट्ट्या छापायच्या सहा आठवडे आधी द्याव्या लागत. दर सोमवारी दिशाच्या सूचना येत. पहिलीच सूचना: 'माईंचा चष्मा काढा. लहान आकारात डोळ्यांचा चिखल होतोय.' मी पांढरा रंग घेऊन छत्तीसच्या छत्तीस चष्मे पुसले.

पट्टी सुरू झाली त्या सकाळी वसुधा चष्म्याशिवाय पेपर वाचत बसली होती.

"अगं, चष्मा कुठाय?"

"लागतच नाहीये हो! हे बघा, राशिभविष्यसुद्धा दिसतंय."

मोतीबिंदू पिकायच्या आधी काही जणांना जवळचं मध्येच स्वच्छ दिसू लागतं, असं डॉक्टर म्हणाले. मी निर्धास्त झालो. विज्ञानावर माझा पूर्ण विश्वास आहे, विशेषतः ते माझ्या सोयीचं बोलतं तेव्हा.

दुसरी सूचना साडीबद्दल होती. 'माईंना रोज एकच साडी द्या, वाचक ओळखतात. बारीक ठिपक्यांची चालेल.' त्या पट्ट्या छापून येऊ लागल्यावर पाचव्या दिवशी मी वसुधाला विचारलं, "हीच साडी किती दिवस नेसणार आहेस?"

"रोज बदलते की."

मी कपाट उघडलं. इस्त्रीच्या घड्या घातलेल्या अकरा साड्या होत्या. अकराही बारीक ठिपक्यांच्या. लग्नातला शालू ज्या मलमलीत बांधलेला असायचा, ते गाठोडंही मी सोडून पाहिलं, आणि पुन्हा बांधून ठेवलं.

तिसरी सूचना: 'माईंचे संवाद कमी करा. फुगे गर्दी करतायत.' ती सूचना आली तेव्हा ठिपके अजून छापले गेले नव्हते, त्यामुळे मी हसत हसत फुगे कापले. ते छापून यायला लागले आणि आमच्या घरात शांतता पसरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी वाक्यं पूर्ण व्हायला लागली. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी मी वाक्याच्या मध्ये मुद्दाम थांबून पाहिलं. ती तोडेल म्हणून. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या सोमवारी दिशाची चौथी सूचना आली. 'वाचकांच्या चाचणीत माई कुणालाच आठवत नाहीत. त्यांना काढून टाकू या. पट्टी टाइट होईल.'

मी रिक्षा बदलत बदलत चारकोप गाठलं.

"हे होणार नाही," मी म्हणालो.

"काका, इमोशनल नका ना होऊ. आपण फक्त रिफाइन करतोय."

"दिशा, ती माझी बायको आहे."

"हो ना, किती क्यूट! पण काका, काम झालंय. इथल्याच आर्टिस्टनं माईंना पुसून दिलं. तुम्ही नाही म्हणणार हे मला माहीत होतं. कलम सात. नमुनातक्त्यावरची पात्रं कंपनीची."

तक्ता तिच्या मागच्या भिंतीवर होता. आप्पा, मुलगा, सून. चौथ्या जागी पांढरा कागद चिकटवलेला. कागद जरा आखूड पडला होता. त्याच्या खालून निळ्या अक्षरांतलं 'वसुधा' तेवढं बाहेर राहिलं होतं.

"ते नाव तरी खोड."

"राहू दे की. छपाईत थोडंच येतंय?"

"कधीपासून छापताय?"

"सहा आठवड्यांनी. नेहमीसारखं."

ते सहा आठवडे मी जे जे सुचलं ते केलं. वकील म्हणाला, केस उभी राहील, पण तारीख मिळायलाच वर्ष जाईल. अकरापैकी चार संपादकांना फोन केले; तिघांनी लेख मागितला. वसुधाला काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी तिला घेऊन पुलापर्यंत फिरायला जायचो. ओळखीचे लोक मला नमस्कार करत. आधी आम्हा दोघांना करत, मग एकट्या मला.

शेवटी तो सोमवार उजाडला. पेपरात पट्टीचं नाव होतं 'तिघांचं चाललंय'.

माधुरी चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप.

"आईचा?" मी विचारलं.

माधुरीनं अनिरुद्धकडे बघितलं. अनिरुद्धनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात असा हात फक्त ताप आल्यावर ठेवतात.

"बाबा, रात्री झोप झाली नाही का?"

"अन्या, तुझी आई तुझ्या मागे उभी आहे."

तो वळला नाही. डोळे मात्र खाली गेले, बापानं चारचौघांत काही भलतंच बोलल्यासारखे.

वसुधा स्वयंपाकघराच्या दारात होती. "असू दे," ती म्हणाली.

मी माझा अर्धा चहा बशीत ओतून तिला दिला. तिनं तो फुंकर घालून प्यायला.

अनिरुद्ध-माधुरी आपापल्या लॅपटॉपला लागली. मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि वसुधाला बसवलं.

"आता हलू नकोस. मी खरी वसुधा काढणार. पुसलेली सगळी परत आणतो."

ती बसली.

मी पेन्सिल उचलली. तिच्या तोंडाकडे पाहिलं.

दोन ठिपके. नाकाचं एक वळण. वर अंबाडा.

मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तेवढंच होतं.

"वसुधा, तुझ्या हनुवटीवर तीळ होता ना? डाव्या बाजूला की उजव्या?"

तिनं हनुवटीवरून बोट फिरवलं.

"होता का?"

मी आठवून आठवून काढत राहिलो. गालाची खळी. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची भुवईतली खूण. दोन कागद फाडले. तिसरा पूर्ण केला.

कागदावर खुर्ची होती. पाय, पाठ, वेताची वीण, सगळं अचूक. उशी मध्ये जराशी दबलेली.

"बाबा," दारातून माधुरी म्हणाली, "ती खुर्ची नेऊ का? माझी मीटिंग आहे, स्टुलावर पाठ धरते."

"थांब जरा. ती..."

वसुधा उठून उभी राहिली होती. ठिपक्यांचा पदर सावरून भिंतीला लागून सरकली, माधुरीला वाट द्यायला.

माधुरी आली. खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि ओढू लागली.

"अहो," वसुधा माझ्या कानाशी म्हणाली, "तिला तेवढं सांगा ना, फरफटत नेऊ नको म्हणावं. उचलून ने. खालचे ओरडतात."